प्रवासवर्णन आणि प्रवाशाचें शरीर

एका गृहिणीनें विचारलेल्या साध्या प्रश्नावरून प्रस्तुत लेख लिहिण्याचें आम्हांस सुचलें. म्हणून तो प्रश्नच प्रथम वाचकांपुढें ठेवितों. गेल्या ज्येष्ठांत शेगांवची पालखी नेहमींच्या रिवाजाप्रमाणें परभणीवरून आमच्या गंगाखेडास आली, आणि येथील मुक्काम आटोपून परळीच्या वाटेस लागली. त्याच आठवड्यांत आमच्या शेजारचा एक तरुण नोकरीच्या निमित्तानें दक्षिण अमेरिकेंतील ब्राझील देशाची राजधानी ब्राझिलिया येथें जाण्याच्या तयारींत होता. त्याची आई आमच्याकडे आली व म्हणाली, “भाऊजी, तुमच्याकडे प्रवासाचीं एवढीं पुस्तकें आहेत. तिकडे पाणी कसें असतें, जेवायला काय मिळतें, हवा सोसते कीं नाहीं, हें ज्यांत सांगितलें आहे असें एखादें मराठी पुस्तक द्या. आधीं मी वाचीन, मग त्याच्या सामानांत घालीन.”

मागणी अवघड आहे असें त्या वेळीं आम्हांस वाटलें नाहीं. परंतु चार रात्री फडताळ उपसूनहि त्या माउलीच्या हातीं देण्याजोगें पुस्तक आम्हांस सांपडलें नाहीं. राजवाडे सांपडले, पुतळे सांपडले, चित्रशाळा सांपडल्या; बर्फाचीं शिखरें व कारंजीं यांस तर तोटाच नव्हता. पण तें सर्व पाहाणारा मनुष्य रात्रीं कोठें निजला, त्याला तहान लागली तेव्हां तो काय प्याला, तिसऱ्या दिवशीं त्याचें पोट बिघडलें तेव्हां त्यानें काय केलें, याचा पत्ता बहुतेक ठिकाणीं लागेना. दक्षिण अमेरिकेवर मराठींत लेखन झालेलेंच नाहीं असें नाहीं; मीना प्रभु यांचें ‘दक्षिणरंग’ त्याच खंडाच्या प्रवासाचें आहे. आमची तक्रार एखाद्या ग्रंथाविरुद्ध किंवा ग्रंथकाराविरुद्ध नाहीं. एका आवडत्या वाङ्मयप्रकारास हळूहळू जें वळण लागलें आहे, त्याविषयीं ती आहे. मराठी प्रवासवर्णनांत डोळे पुष्कळ झाले आणि शरीर हरवलें, असें आमचें म्हणणें आहे. आणि तेणेंकरून वाचकाची सोय तर गेलीच, पण वाङ्मयाचेंहि नुकसान झालें, असें आम्हांस वाटतें.

ही उणीव आपल्या भाषेच्या स्वभावांतच आहे, असें कोणी म्हणेल तर तें खरें नाहीं. मराठी गद्याचा आरंभच मुळीं पायीं फिरणाऱ्या एका पुरुषाच्या वृत्तांतानें झाला आहे. तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणांत म्हाइंभटांनीं ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलें. आमच्या याच गोदावरीच्या खोऱ्यांतून चक्रधरस्वामी कसे हिंडले, कोणत्या गांवीं कोणत्या देवळांत उतरले, कोणी काय वाढलें, केव्हां पहुडले, हें त्यांत बारीकसारीक तपशिलासह नोंदलेलें आहे. महानुभावांच्या त्या भाषेंत भोजनास ‘आरोगणा’ म्हणतात. जेवणाचा व आरोग्याचा संबंध शब्दांतच राखणारी ती मंडळी होती. त्याच संप्रदायाची ‘स्थानपोथी’ पाहावी. अमुक गांवाच्या अमुक दिशेस मठ, त्याचें द्वार अमुक दिशेस, त्याच्यासमोर अमुक वृक्ष, अशी ती निरलंकृत मांडणी आहे. भक्तानें त्या जागीं नेमकें जाऊन पोंचावें, एवढाच तिचा उद्देश. पुढें कोणीतरी या वाटेनें चालणार आहे, ही जाणीव त्या लेखकाच्या प्रत्येक ओळींत जागी आहे.

पद्यांतहि तेंच. आमच्या गंगाखेडच्या कन्या जनाबाई लहानपणींच पंढरपुरास दामाशेटींच्या घरीं गेल्या, आणि पुढें त्यांनीं जे अभंग रचिले त्यांत दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणें आणि शेण्या वेंचणें यांस साक्षात् देवाच्या बरोबरीची जागा आहे. शरीराचें काम हलकें आहे, तें काव्यांत आणूं नये, असें या थोर कवयित्रीस कधीं वाटलें नाहीं. तेव्हां पोटपाण्याच्या गोष्टींस वाङ्मयांत स्थान नाहीं, हा सोंवळेपणा आपल्या परंपरेचा नव्हे. तो मागाहून आला.

अर्वाचीन काळांत या जुन्या वळणाचा सर्वोत्तम नमुना म्हणजे वरसईच्या विष्णुभट गोडशांचें ‘माझा प्रवास’. १८५७ सालीं घरचें ऋण फेडण्यासाठीं द्रव्य मिळवावें म्हणून हा भिक्षुक आपल्या चुलत्यासह उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या वणव्यांत सांपडला. पुढें १८८३ च्या सुमारास चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यानें तो वृत्तांत लिहिला. वैद्यांनीं तो संस्कारून १९०७ सालीं प्रसिद्ध केला, आणि मूळ लेखाबरहुकूम संहिता दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ सालीं छापली. त्या ग्रंथांतील एक प्रसंग वाचकांच्या स्मरणांत असेलच. झांशी पडल्यावर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशीं गोडशांना राणी लक्ष्मीबाई भेटते. अंगावर पुरुषी वेष, सर्वांग धुळीनें भरलेलें, आणि तहानेनें जीव व्याकुळ झालेला. भटजी पाणी काढून देऊं लागतात, तेव्हां विद्वान् ब्राह्मणास तें काम करूं न देतां ती स्वतः मातीच्या मडक्यानें पाणी शेंदते आणि ओंजळीनें पिते. झांशीच्या राणीवर पुष्कळ पोवाडे झाले, नाटकें झालीं. पण आम्हांस ती खरी दिसते ती त्या विहिरीच्या कांठीं. हा परिणाम कशानें साधला? तहान म्हणजे काय हें चालून चालून थकलेल्या त्या प्रवाशास स्वतः ठाऊक होतें, म्हणूनच तें पाणी त्याच्या लेखणींत उतरलें. आणि अखेरीस, मिळविलेलें द्रव्य लुटारूंच्या हातीं गेल्यावर, हा मनुष्य आईबापांच्या स्नानासाठीं गंगोदकाची कावड खांद्यावर घेऊन घरीं येतो! प्रवासाचें फळ त्यानें खांद्यावरून आणिलें. आणि वाचकाच्याहि खांद्यास त्या कावडीचा भार जाणवतो.

त्यानंतर वळण पालटलें. रेलवे आली, आगबोट आली, पुढें विमान आलें. वाटचाल प्रवाशाच्या पायांकडून यंत्राकडे गेली, आणि बसल्या जागेवरून पाहाणें एवढेंच त्याच्याकडे उरलें. अनंत काणेकरांच्या ‘धुक्यांतून लाल ताऱ्याकडे’ या १९४० सालच्या पुस्तकानें मराठी प्रवासवर्णनास ललित निबंधाची मोकळीक दिली, ही त्यांची कामगिरी आम्ही मोठी मानितों. पु. ल. देशपांड्यांच्या ‘अपूर्वाई’नें १९६० सालीं मध्यमवर्गीय मराठी कुटुंबास विलायतेची वाट जणुं घरबसल्या दाखविली. निघण्यापूर्वींची धांदल, हितचिंतकांचे सल्ले आणि परक्या जेवणाची पंचाईत हीं त्या पुस्तकांत आहेत, आणि त्यांवर आम्ही आजहि मनमुराद हंसतों. पण पोटाची गोष्ट एकदां विनोदाच्या खात्यांत जमा झाल्यावर तिच्याकडे गंभीरपणें पाहाण्याची संवय सुटते. थोर विनोदकाराच्या हातीं जो विषय शोभला, तो अनुकरण करणाऱ्यांच्या हातीं चिवड्याच्या डब्यापुरताच उरला. हल्लींच्या पुष्कळशा पुस्तकांत सौंदर्यस्थळांच्या दोन वर्णनांमध्यें घरच्या लाडवांविषयीं एक कोटी असते. दुसऱ्या दिवशीं प्रवाशास ताप आला असेल तर तें मात्र पुस्तकाच्या शोभेसाठीं गाळलेलें असतें.

हा विषय हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं, हें मराठी मनास ज्या एका जीवनानें कायमचें शिकवावें, तें डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचें. १८८३ च्या एप्रिलांत त्या कलकत्त्याहून निघाल्या. वय अवघें अठरा. प्रकृति निघण्यापूर्वीपासूनच तोळामासा होती. तेथें फिलाडेल्फियाचा हिवाळा आणि शाकाहारीपणामुळें जेवणाची आबाळ, यांच्याशीं झगडत त्यांनीं १८८६ च्या मार्चांत वैद्यकीची पदवी घेतली. नोव्हेंबरांत स्वदेशीं आल्या त्या क्षयानें खंगलेल्या. आणि १८८७ च्या २६ फेब्रुवारीस पुण्यास, बाविसावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, निवर्तल्या. काशीबाई कानिटकरांनीं लिहिलेल्या त्यांच्या चरित्राकडे आम्ही वारंवार वळतों, तें केवळ आनंदीबाईंच्या विद्येचें कौतुक म्हणून नव्हे. परक्या हवेंत एक शरीर काय सोसतें, याचा तो पुरावा आहे. आनंदीबाईंच्या आधीं जाऊन आलेल्या कोणी मराठी स्त्रीनें तेथील थंडी, कपडा आणि आहार यांविषयीं दहा पानें लिहून ठेविलीं असतीं, तर त्यांचें आयुष्य वाढलेंच असतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्या अगदीं अनोळखी वाटेनें गेल्या. आणि पुढें जाणाऱ्यांस ती वाट तशीच अनोळखी राहूं देण्याचा अधिकार लेखकास नाहीं, एवढें तरी म्हणावेंच लागतें.

मग प्रवासवर्णनानें शरीराची दखल घ्यावी म्हणजे काय करावें? यासाठीं माप शोधण्यास फार दूर जावयास नको. चरकसंहितेच्या विमानस्थानांत जनपदोद्ध्वंसाचा एक अध्याय आहे. निरनिराळ्या प्रकृतीचीं, निरनिराळ्या आहाराचीं माणसें एकाच वेळीं आजारी कां पडतात, असा प्रश्न तेथें उपस्थित केला आहे, आणि वायु, उदक, देश व काल हीं चार सर्वांस समान असतात, त्यांत बिघाड झाला कीं सर्वच भोगतात, असें उत्तर दिलें आहे. परक्या मुलखांत जाणाऱ्यास नेमकीं हींच चार एकदम बदललेलीं सांपडतात. म्हणून या चार शब्दांनीं आम्ही प्रवासाच्या पुस्तकाची परीक्षा करूं इच्छितों. त्या आईनें तरी दुसरें काय विचारलें होतें?

आतां ही कसोटी ब्राझिलियासच लावून पाहूं. कारण केवळ पाहाण्यासाठींच निर्मिली असावी असें वाटणारी नगरी पृथ्वीवर कोठें असेल तर ती ही. १९६० पूर्वीं ब्राझीलची राजधानी समुद्रकांठीं रिओ द जानेरो येथें होती. अध्यक्ष कुबिचेक यांनीं ती देशाच्या अंतर्भागीं ओसाड पठारावर नेण्याचें मनांत घेतलें. लुसिओ कोस्ता यांचा आराखडा १९५७ च्या स्पर्धेंत निवडला गेला, ऑस्कार नीमायर यांनीं इमारती कल्पिल्या, आणि साडेतीन वर्षांहूनहि कमी अवधींत उभी राहिलेली ही राजधानी २१ एप्रिल १९६० रोजीं प्रतिष्ठित झाली. एकमेकांस छेदणाऱ्या दोन अक्षांवर रचलेली ही नगरी आकाशांतून पंख पसरलेल्या विमानासारखी दिसते. संसदेचे जुळे मनोरे व त्यांच्या बाजूंस एक पालथा आणि एक उताणा असे दोन घुमट, सोळा वक्र स्तंभांचें प्रार्थनामंदिर, हें सर्व मनोहर आहे यांत शंका नाहीं. १९८७ सालीं युनेस्कोनें तिला जागतिक वारशांत स्थान दिलें. आमच्या नेहमींच्या वळणाचा प्रवासवर्णनकार येथें दोन दिवस राहील, वीस छायाचित्रें घेईल आणि उत्कृष्ट प्रकरण लिहील.

परंतु जमिनीवर उतरून चालूं लागावें, म्हणजे प्रथम ‘देश’ बोलूं लागतो. ही नगरी मोटारीच्या युगांत, मोटारीस प्रमाण मानून आंखलेली. एका भव्य इमारतीपासून दुसरी जवळ दिसते, पण उघड्या उन्हांत, सावलीवांचून, रुंद रस्ते ओलांडीत चालत जाणाऱ्यास ती फार लांब पडते. राहाण्याच्या चौकांमध्यें मात्र झाडी आहे, इमारती खांबांवर उचललेल्या असल्यामुळें त्यांच्याखालून मोकळेपणीं जातां येतें, आणि तेथें पायीं चालणाऱ्यास सुख आहे. १९९७ सालीं झालेल्या लोकचळवळीनंतर पांढऱ्या पट्ट्यांवर पाऊल ठेवणाऱ्यासाठीं मोटारी थांबविण्याची चांगली संवयहि तेथील लोकांनीं लावून घेतली. आंखणी पांच लाख वस्तीची होती. २०२२ च्या गणनेंत राजधानीचें सबंध क्षेत्र सुमारें २८ लाखांवर गेलें. ज्या मजुरांनीं ही नगरी बांधिली त्यांतील पुष्कळांस तिच्यांत घर मिळालें नाहीं. तागुआतिंगासारखीं उपनगरें त्यांच्यासाठीं राजधानीच्या प्रतिष्ठेपूर्वींच, १९५८ सालीं, वसवावीं लागलीं. पायानें पाहाणाऱ्या लेखकास हें सर्व आपोआप कळतें, कारण त्याचे पाय दुखतात. आणि या उन्हांत वर्षानुवर्षें कोणाचे पाय दुखत आले असतील, असा प्रश्न त्यास पडतो.

‘वायु’ची गोष्ट याहून महत्त्वाची. सुमारें ११०० मीटर उंचीचें हें पठार म्हणजे आपल्या महाबळेश्वराहून कांहींसें खालीं. उष्ण कटिबंधांत असूनहि हवा सौम्य. पण मे ते सप्टेंबर पाऊस जवळजवळ नाहींच, आणि आगस्ट-सप्टेंबरांत हवेंतील ओलावा शेंकडा वीसच्याहि खालीं उतरतो. ओंठ फुटतात, घसा कोरडा पडतो, नाकांतून रक्त येतें. शहराच्या कांठीं पारानोआ नांवाचा जो मोठा तलाव दिसतो तो मनुष्यनिर्मित आहे. आणि तो निर्माण करण्याच्या हेतूंत शोभेबरोबर हवेंत थोडा ओलावा राखण्याचाहि हेतु होता. तलावाच्या सौंदर्याचें वर्णन करणाऱ्या लेखकानें एवढें सांगितलें असतें, तर वाचकास तें सौंदर्य अधिक समजलें असतें, आणि पाणी थोडथोडें पीत राहावें, भर दुपारीं उघड्यावर फिरूं नये, ही सूचनाहि वेगळी द्यावी लागली नसती.

‘उदक’ व अन्न यांविषयीं आईनें निर्धास्त राहावें असें बरेंच आहे. नळाचें पाणी शुद्ध करून दिलेलें असतें. तरी नवख्यानें गाळलेलें किंवा बाटलींतील पाणी प्यावें हें बरें. ब्राझिली घरांतून पाणी गाळण्याचें मातीचें भांडें ठेवण्याची जुनी चाल आहे, आणि आपल्या माठाचा हा भाऊबंद पाहून मराठी मनुष्यास परकें वाटणार नाहीं. रोजचें जेवण भात व घेवड्याच्या जातीच्या दाण्यांची उसळ. मात्र त्या उसळींत डुकराच्या मांसाचे तुकडे घालण्याची रीत असल्यामुळें शाकाहारी मनुष्यानें विचारल्यावांचून ती घेऊं नये. वजनावर जेवण देणारीं खानावळीं तेथें सर्वत्र आहेत. तेथें आपल्या हातानें वाढून घेतां येतें, ही शाकाहाऱ्यास मोठी सोय.

‘काला’चा फरक दुहेरी आहे. तेथील घड्याळ आपल्यामागें साडेआठ तास. गंगाखेडीं सकाळचे सात वाजतात तेव्हां तेथें आदल्या रात्रीचे साडेदहा झालेले असतात. शरीर साधारणपणें दिवसाला एक तास या बेतानें नव्या वेळेशीं जुळतें, म्हणून पहिला आठवडा झोंप व भूक यांनीं दगा दिल्यास घाबरूं नये. दुसरा फरक ऋतूंचा. विषुववृत्ताच्या पलीकडे असल्यामुळें आपल्याकडे आषाढधारा लागतात त्या दिवसांत तेथें कोरडा हिंवाळा, आणि आपली दिवाळी येते तेव्हां तेथें पाऊस. पावसाबरोबर डांस येतात. २०२४ सालीं ब्राझीलमध्यें डेंग्यूचे साठ लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले, आणि वस्तीच्या मानानें राजधानीच्या क्षेत्रास तिचा तडाखा फार जबर बसला. म्हणून तेथें अंगभर कपडा व डांस दूर ठेवणारें मलम हीं छायाचित्रयंत्राइतकींच आवश्यक होत. आणि ताप आल्यास आपल्या मनानें ॲस्पिरिन न घेतां डॉक्टर गांठावा.

राहिला पीतज्वर. त्याची लस जाण्यापूर्वीं निदान दहा दिवस घ्यावी लागते आणि ती सरकारनें नेमलेल्या केंद्रांतच मिळते. आमच्या शेजाऱ्याच्या मुलास त्यासाठीं मुंबई गांठावी लागली. वय साठीच्या पुढें असेल, गर्भारपण असेल, किंवा अंडें सोसत नसेल, तर अगोदर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पूर्वीं या लशीचा दाखला दहा वर्षें चाले. २०१६ च्या जुलैपासून एकच टोंचणी जन्मभर पुरते असें ठरलें. ब्राझीलहून दाखल्यावांचून परत येणाऱ्यास आपल्याकडे सहा दिवसांपर्यंत वेगळें ठेवतां येतें. हा नियम जाचक वाटेल, पण त्याचें कारण ऐकल्यावर वाटणार नाहीं. हा रोग आपल्या देशांत नाहीं, पण तो पसरविणारा डांस आहे. एकाच रुग्णाच्या वाटेनें तो येथें शिरूं शकेल.

ही लस आणि ही नगरी यांच्यामागें एक इतिहास आहे, आणि तो मराठी वाचकास ओळखीचा वाटेल. जुन्या राजधानींत, रिओ येथें, १९०३ पासून ओस्वाल्दो क्रूझ या डॉक्टरनें डांस मारण्याची मोहीम उघडली, घरोघर पथकें शिरूं लागलीं, आणि १९०४ च्या नोव्हेंबरांत देवीची लस सक्तीची होतांच लोक रस्त्यावर उतरले. सक्ती मागें घ्यावी लागली. पुढें १९०८ सालीं त्याच शहरांत देवीच्या सांथीनें हजारों माणसें गेलीं. अवघ्या सात वर्षांपूर्वीं, १८९७ सालीं, आपल्या पुण्यांत प्लेगच्या झडत्यांनीं लोक संतापले, २२ जूनच्या रात्रीं रँडवर गोळी झाडली गेली, आणि त्याच सांथींत रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुल्यांनीं देह ठेविला. लोकांचें शरीर लोकांस विश्वासांत न घेतां राखूं गेल्यास काय होतें, हें दोन्ही शहरांनीं एकाच दशकांत पाहिलें. रिओच्या समुद्रकिनाऱ्याचें वर्णन मराठींत वाचावयास मिळेल. पण हा धागा जोडून दाखविणारा प्रवासी आम्हांस भेटला नाहीं. टोंचणी घेतांना दंड दुखतो, तेव्हां या इतिहासाची आठवण काढण्यासारखें निमित्त दुसरें कोणतें?

येथें एक आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. आरोग्याचे नियम सांगणें डॉक्टरांचें काम; ते माहितीपत्रकांत मिळतात आणि ते वेळोवेळीं बदलतातहि. ललित लेखकानें पथ्यापथ्याची यादी कां द्यावी? यादी देऊं नये, हें आम्हांसहि मान्य आहे. आपल्या आजारांचें रडगाणें गाणारें पुस्तकहि आम्हांस नको. तें चित्रशाळांच्या पुस्तकाहून अधिक कंटाळवाणें होईल. आमचें मागणें वेगळें आहे. लेखकानें आपल्या शरीरास साक्षीदार मानावें. शहराची उंची त्याच्या श्वासास कळली असेल तर ती श्वासांतून सांगावी, अंतर पायांतून सांगावें, परकेपण पहिल्या घांसांतून सांगावें. डोळा सहज फसतो. त्याला जें दाखविण्यासाठीं मांडलें आहे तेंच तो पाहातो. तहानेला कोणी मांडून ठेवीत नाहीं. शिवाय आजारी पडलेल्या किंवा थकलेल्या प्रवाशास परक्या माणसांची गरज लागते, आणि गरज लागल्यावांचून माणसें खरोखर भेटत नाहींत. ज्या पुस्तकांत लेखक कधींच आजारी पडत नाहीं, त्यांत दारावर पाण्याचा तांब्या घेऊन आलेली शेजारीणहि कधीं येत नाहीं.

आमच्या गांवावरून जाणारी दिंडी हें जाणते. शेंकडों माणसें महिनाभर चालतात; त्यांचा मुक्काम कोठें, पाणी कोठें, कोणाच्या पायास फोड आला, कोणाचें पोट बिघडलें, याची चिंता अभंगाच्या तालाइतकीच नेमानें वाहिली जाते, आणि त्यामुळें भक्तीस कांहीं उणेपण येतें असें कोणास वाटत नाहीं.

आतां त्या मुलाचें सांगून पुरें करितों. पुस्तक न मिळाल्यामुळें आम्हीं वरील मजकूर एका कागदावर लिहून त्याच्या आईस दिला. पुढें श्रावण संपतां संपतां त्याचें पत्र आलें, तें तिनें आम्हांस वाचावयास दिलें. त्यानें लिहिलें होतें, “येथें हवा इतकी कोरडी आहे कीं धुतलेला पंचा तासाभरांत खडखडीत वाळतो. तुझ्याकडे पावसांत चार दिवस कपडे वाळत नसतील, तेव्हां तुझी आठवण येते. पहिल्या आठवड्यांत नाकांतून रक्त आलें, तेव्हां मी घाबरलों. खालच्या मजल्यावरील आजीबाईंनीं खुणेनें सांगितलें, आणि आतां रोज रात्रीं मी पंचा ओला करून उशाशीं टांगतों व पाण्याची परात खोलींत ठेवितों. सकाळीं पंचा कोरडा झालेला असतो, पण झोंप लागते. संसद अजून पाहिली नाहीं. येत्या रविवारीं जाईन.”

गंगाखेडचा पावसाळा, ब्राझिलियाचा कोरडा हिंवाळा, आई, परकी आजीबाई, भय आणि झोंप, हें सर्व त्या सात-आठ ओळींत आलें आहे; आणि लिहिणाऱ्यास आपण कांहीं लिहीत आहों याचा गंधहि नाहीं. त्याच्या आईनें तें पत्र जपून ठेविलें आहे. गल्लींतील दुसरी एक मुलगी पुढील वर्षीं परदेशीं शिकावयास जाणार आहे. तिच्या घरींहि तें वाचून झालें. आमच्या प्रवासवर्णनकारांनीं चित्रशाळांचीं प्रकरणें खुशाल लिहावीं. पण प्रत्येक पुस्तकांत असा एक ओला पंचा कोठेंतरी टांगलेला असावा, एवढीच त्यांस आमची विनंती आहे.